बॅलन्सिंग दोनदा केलं, तरी स्टिअरिंग थरथरतंच

नवा_चालक: टायर ट्यूबलेस रेडियल, नक्षी भरपूर शिल्लक. तरी ३०-४० च्या वेगात धप-धप जाणवतं आणि ८० ला स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग (रिमला वजनाचे तुकडे लावून चाकाचा तोल साधणं) दोनदा झालं. आता अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करू का?

घाटवाट: अलाइनमेंट बिघडलं की गाडी ओढते, टायर एका कडेने झिजतो. धपधप नाही होत. रिम वाकलीय का बघा.

पाना_पकड: रिम बघाच, पण आधी टायर. चाक जॅकवर घ्या, नक्षीसमोर स्क्रू ड्रायव्हर स्थिर धरा आणि चाक हळूहळू फिरवा. एकाच जागी टायर वर येऊन टेकतो का? टेकला तर बहुधा नक्षीखालचा पट्टा आतून सुटलाय. माझ्या गाडीला हेच झालं होतं आणि मी महिनाभर बॅलन्सिंगवाल्याच्या नावाने खडे फोडत होतो. वजनाचे तुकडे कितीही लावा, वेडंवाकडं चाक त्याने गोल होत नाही.

नक्षीखाली पोलादी तारांचे दोन पट्टे असतात, एकमेकांना तिरके छेदणारे. नुसत्या पोलादाला रबर नीट धरत नाही, म्हणून तारेवर पितळेचा मुलामा असतो. टायर भट्टीत शिजताना रबरातलं गंधक पितळेतल्या तांब्याला धरतं. ही पकड सुटते ती बहुधा पट्ट्याच्या कडेला. तिथे तारांची कापलेली टोकं असतात आणि प्रत्येक फेऱ्याला तिथलं रबर ताणलं जातं. त्यात हवा कमी ठेवली की टायर जास्त दबतो, तापतो, मग भेग आतल्या आत पसरत जाते. पंक्चरच्या भोकातून पाणी गेलं तर तारा गंजतात, तो वेगळाच ताप.

नवा_चालक: टेकतो! पुढच्या उजव्याला नक्षीवरच उंचवटा आहे. मागच्या एका टायरला बाजूने फुगाही दिसला. तेच का?

पाना_पकड: नाही. बाजूच्या भिंतीत हे पट्टे नसतातच, तिथे पॉलिस्टरचे धागे असतात. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात चिमटून ते तुटले की हवा रबराला बाहेर ढकलते. टायर मात्र दोन्ही बाद. उंचवट्याचा टायर मागे टाकून दिवस काढू नका. वेगात मागची नक्षी उखडली तर गाडी फिरते. आणि नक्षीवरून वय ठरवू नका. बाजूला डॉट (DOT) लिहिलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा.

नवा_चालक: वाचले. चारही ०८१७! गाडी जुनी घेतलेली, तेव्हा बघितलंच नव्हतं. तूर्त पुढे स्टेपनी लावतो.

पाना_पकड: तिचेही आकडे वाचा. आणि हवा.