हाउसबोट घ्यावी की कोकणात फ्लॅट? (उन्हाळ्यात बडोद्याबाहेर राहण्यासाठी)

मांजलपूरकर:
मंडळी, नमस्कार. मी ६३, सौ. ६०, दोघंही निवृत्त. मांजलपूरला स्वतःचं तळमजल्याचं घर आहे. बडोद्याचा उन्हाळा आता सोसवत नाही, म्हणून एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत बाहेर राहायचं ठरवतोय. जमलं तर दिवाळीनंतरही महिनाभर. दोन पर्याय समोर आहेत.

१) अलेप्पीला दोन बेडरूमची जुनी हाउसबोट. मालक धंदा आवरतोय, १८ लाख सांगतोय. आम्ही नसताना ती पर्यटकांना भाड्याने देता येईल, असं दलाल म्हणतो.
२) रत्नागिरी-दापोली पट्ट्यात वन बीएचके, ३०-३५ लाखांपर्यंत.

माझा कल बोटीकडे, सौ.चा फ्लॅटकडे. पाण्यावर राहायची हौस जुनी आहे, ती समजून घ्या, पण हिशेब कडक सांगा.

सुकाणू:
काका, आधी कॅलेंडर घ्या. बॅकवॉटरमध्ये बोटीवर राहायला चांगले महिने म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बडोद्यातलेही सगळ्यात सुखाचे महिने तेच. तुम्हाला पळायचंय एप्रिल-मेमध्ये, आणि त्या दिवसांत कुट्टनाडात, म्हणजे अलेप्पीच्या आसपासच्या सखल पाणथळ भागात, घामाने अंग चिकट, दुपारनंतर वळवाचा कडकडाट. केरळात मान्सून सरासरी १ जूनला येतो, म्हणजे तुमचा शेवटचा पंधरवडा धो धो पावसात. नुसत्या पंख्यावर बोटीत झोप लागणार नाही. एसी रात्री आठ तास चालवायचा तर ५ केव्हीएचा जनरेटर तासाला सव्वा लिटरच्या आसपास डिझेल खातो. म्हणजे एका रात्रीला दहा लिटर, आणि वर त्याची घरघर. किनाऱ्यावरून वीज घेता येईल अशी जेट्टी असेल तरच हे परवडतं.

आता बोटीकडे वळू. जुनी हाउसबोट म्हणजे केट्टुवळ्ळम. आंजिली म्हणून फणसाच्याच कुळातलं लाकूड असतं. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, फटींत काथ्या ठासलेला, वर काजूच्या टरफलाच्या तेलाचा काळा लेप. खिळा नाही. दिसायला सुरेख, पण ही शिवण कपड्याच्या शिवणीसारखी उसवते. दोरी कुजली की फळ्या पाण्याखाली हलायला लागतात आणि वरून काही दिसत नाही. अशी बोट दुरुस्तीला काठावर ओढून उन्हात जास्त दिवस ठेवली तर लाकूड आकसतं, फटी पडतात आणि परत पाण्यात सोडली की सगळीकडून झिरपते.

बघायला जाल तेव्हा रंग आणि पडदे बघू नका. केबिनमधल्या फळ्या उचलायला लावा. जाडसर स्क्रूड्रायव्हर घेऊन पाण्याच्या रेषेजवळच्या फळ्या आतून टोचत जा. टोक मऊ लाकडात सहज रुतलं तर ती फळी गेली. शिवणीच्या दोरीला नखाने खरवडा, भुगा पडता कामा नये. मग तळातलं सगळं पाणी उपसून घ्या, पंप बंद करा, उरलेल्या पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारा आणि बारा तासांनी परत बघा. मालक रात्रभर पंप बंद ठेवायला तयार नसेल तर उत्तर तिथेच मिळालं.

बोटी बुडतात त्या वादळाने कमी, दुर्लक्षाने जास्त. तळातला पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि तरंगत्या स्विचवर चालतो. स्विचमध्ये काथ्याचा एक धागा अडकला किंवा बॅटरी उतरली, आणि त्या आठवड्यात जोराचा पाऊस झाला, तर बोट बांधल्या जागी तळाला बसते. तुम्ही वर्षातले नऊ महिने बडोद्यात, म्हणजे रोज पंप बघणारा पगारी माणूस हवाच.

कुट्टनाडाची आणखी एक गोष्ट. शेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कमचा बांध साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत बंद असतो. बांधाच्या दक्षिणेचं पाणी थांबतं आणि जलपर्णी माजते. तिची मुळं बोट ढकलणाऱ्या पंख्याला गुंडाळतात, इंजिनच्या थंड पाण्याच्या तोंडावरची जाळी बुजते, इंजिन तापतं, आणि जाळी वेळेवर साफ केली नाही तर पाण्याच्या पंपाची रबरी चक्री जळते.

कागदपत्रं: २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे इंजिनवाल्या बोटीला सर्वेक्षण प्रमाणपत्र आणि नोंदणी लागते. चालवणाऱ्याकडे परवाना लागतो, विमाही लागतो. तेव्हा 'मीच चालवीन' हे डोक्यातून काढा. बोटीच्या नोंदणी क्रमांकावर सर्वेक्षण कधी संपतं ते बघा. दलाल बहुतेक वेळा ते संपायच्या तोंडावर विकायला काढतो, कारण पुढचं सर्वेक्षण म्हणजे बोट गोदीत चढवणं आणि फळ्या बदलणं.

खंडेराव_मार्केट:
भाड्याच्या बाबतीत दोन वाक्यं. एप्रिल-मे म्हणजे शाळांची सुट्टी, दिवाळीनंतरचा महिना म्हणजे पर्यटनाचा सीझन, आणि तुम्हाला स्वतःला बोट हवी तीही याच दिवसांत. उरलेल्या पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी, पगार मात्र बारा महिने.

सुकाणू:
बरोबर. आणि भाड्याची बोट म्हणजे शौचालयाच्या टाकीचा प्रश्न दुप्पट. अलेप्पीचं वेंबनाड सरोवर २००२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, मैला पाण्यात सोडता येत नाही. टाकी भरली की उपसून नेणारी सोय जवळ कुठे आहे आणि एका वेळचा दर काय, हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

स्वयंपाकाचा गॅस बोटीत खाली कधीच ठेवायचा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळात साठतो आणि पंपाच्या स्विचची एक ठिणगी पुरते. सिलिंडर उघड्या डेकवर, नळी आत. पिण्या-वापरायचं पाणी दोघांना काटकसरीने दिवसाला १४० लिटर धरा. हजार लिटरची टाकी आठवडाभर पुरते, पण ती एका बाजूला बसवली तर एक टन वजनाने बोट कलते.

लाइफ जॅकेट माणसाइतकी, हाताशी, कुलपात नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये हरणी तलावावर शाळेच्या सहलीची बोट उलटून मुलं गेली, ते बडोद्यात कुणाला सांगायला नको.

सड्यावरचा:
मी फ्लॅटच्या बाजूने, पण आंधळेपणाने नाही. कोकणातला फ्लॅट लोक डिसेंबरात बघायला जातात, गारवा, हिरवळ, काजूला मोहोर, आणि टोकन देऊन येतात. तुम्ही मेच्या दुसऱ्या आठवड्यात बघा. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, इमारतींना मे महिन्यात टँकर लागतो. जांभा दगडातून पाणी खाली निघून जातं. वॉचमनला विचारा: मेमध्ये पाणी किती वेळ येतं, टँकर कितीला पडतो, खर्च कुणावर? बिल्डर 'बोअर आहे' म्हणेल. बोअर असणं आणि मेमध्ये बोअरला पाणी असणं वेगळं.

दुसरं, तुमचा काळ वादळांच्या काळावर येतो. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ आदळलं, दापोलीपर्यंत पत्रे आणि माड गेले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तौक्ते मे २०२१ मध्ये कोकणाला घासत वर जाऊन १७ मेच्या रात्री सौराष्ट्रात घुसलं. म्हणून वरचा मजला घेतलात तर पत्र्याची शेड आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग स्वतः चढून बघा, आणि इन्व्हर्टर धरूनच बजेट करा. पावसाच्या बाजूच्या, म्हणजे नैऋत्येच्या भिंतीला बेडरूम असेल तर आत हात फिरवून पोपडे शोधा. ताज्या रंगाचा वास आला तर जास्तच शोधा.

कागद: भोगवटा प्रमाणपत्र आधी, चहा नंतर. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांच्या सरकारी नियामकाकडच्या, नोंदणीतून सुटतात, आणि कोकणात अशा छोट्या इमारती भरपूर. तिथे जमीन बिनशेती झाली का, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष मजले जुळतात का, हे वकिलाकडून तपासून घ्या. समुद्र दिसतोय म्हणून खूश होण्याआधी सीआरझेडची, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारपट्टीची, भरतीरेषा कुठे येते तेही बघा.

फ्लॅट काकूंच्या एकटीच्या नावावर घेतलात तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नोंदणी शुल्क १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. गुजरातचा हिशेब इथे लावू नका. तिथे बायकांना नोंदणी शुल्क माफ असतं, मुद्रांक शुल्क माफ नसतं. फ्लॅट पुढे भाड्याने दिलात तर मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर लावता येत नाही. नुसता कुलूप लावून ठेवला तर ते लागत नाही, हे सेक्रेटरीला आधीच सांगून ठेवा.

जायला ओखा-एर्नाकुलम आणि मरुसागर या बडोद्याहून थेट कोकण रेल्वेने जाणाऱ्या गाड्या आहेत, पण रोजच्या नाहीत. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, तेव्हा एप्रिलचं तिकीट फेब्रुवारीत त्या दिवशी सकाळी बसून काढायचं. परतीचं १५ जूनच्या आतलं घ्या. मग पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू चालतात.

मांजलपूरकर:
खडूच्या रेघेची गोष्ट दलालाला विचारली. म्हणे 'सर, इतना कोई नहीं देखता'. म्हणजे कळलं. सौ. विचारतेय की फ्लॅट नऊ-दहा महिने बंद राहणार, त्यात अख्खा पावसाळा, तर उघडल्यावर काय अवस्था असेल?

वाडीवाली_ताई:
काकू, नीट बंद केला तर फक्त धूळ, नाहीतर सगळीकडे हिरवं. निघायच्या दिवशी हे करा.

बाथरूम, मोरी, बेसिन यांच्या जाळीखाली वाकडा पाइप असतो, त्यात पाणी साठून राहतं आणि तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. बंद घरात दोन-तीन महिन्यांत ते सुकतं. म्हणून शेवटी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि वर दोन चमचे खाद्यतेल. तेलाचा थर पाणी उडू देत नाही. कमोडमध्येही तसंच, झाकण लावून. सगळ्यांना हे सांगते, निम्मे लोक हसतात आणि मग दिवाळीत रूमाल नाकाला लावून दार उघडतात.

फ्रीज रिकामा, पुसलेला, दार कापडाचा बोळा घालून उघडं. गाद्या उभ्या करून भिंतीपासून वीतभर लांब. कपाटांची दारं उघडी. बंद कपाटात बुरशी आधी चामड्याच्या चपला-पट्ट्यांवर येते, मग कपड्यांवर. लाकडी पोळपाट-लाटणं, रवी बडोद्याला परत न्या. धान्य, मसाले काही ठेवू नका.

मेन स्विच बंद, पण आधी इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण चार्ज करून, डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरून, दोन्ही तारा काढून ठेवा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पडून पडून स्वतःच उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की कायमची जाते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी एकदा चार्ज केलेली बरी. किल्ली शेजाऱ्यांकडे असेल तर त्याच दिवशी तासभर खिडक्या उघडून घेता येतात. पाण्याचा मुख्य कॉक बंद. एसीचं बाहेरचं युनिट खाऱ्या वाऱ्याने खातं. घेतानाच तांब्याच्या कॉइलचं, लेप दिलेलं घ्या आणि जाण्याआधी साध्या पाण्याने धुवून काढा, प्रेशरने नाही, पत्र्या वाकतात.

गॅसचं दुसरं कनेक्शन घेत बसू नका. पाच किलोचा छोटू सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो, सोबत एक इंडक्शन.

सुकाणू:
आणि काका, हौस मारू नका, भाड्याने भागवा. जानेवारीत अलेप्पीला दोन-तीन रात्रींची बोट घ्या, दलालाची नाही. चालकाला विचारून फळी उचलून बघा, बहुतेक जण कौतुकाने दाखवतात. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला बोटी बांधतात, कारण रात्री मासेमारांची जाळी लागतात. मग सकाळपर्यंत तुम्ही एका जागी, आणि रात्री दोनला छातीत दुखलं तर १०८ ची गाडी येणार जेट्टीवर, बोटीवर नाही. फळीवरून रात्री उतरून बघा, गुडघे काय म्हणतात ते. एप्रिल-मेमध्येच पाण्यावर राहायचं असेल तर श्रीनगरच्या उभ्या हाउसबोटीत आठ-दहा दिवस राहा. हवा तेव्हाच चांगली असते आणि पंप बघायचं काम मालकाचं.

सड्यावरचा:
एक राहिलं. तळमजला मांजलपूरला आहे म्हणालात. मुक्काम लांबवून ऑगस्टपर्यंत नेऊ नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा कुलूपबंद तळमजल्यांचं फार नुकसान झालं, कारण सामान उचलायला घरात कुणी नव्हतं. जूनमध्ये परत आलात की आधी फ्रीज आणि वॉशिंग मशीन विटांवर चढवा, मग कोकणातले आंबे वाटत बसा.

मांजलपूरकर:
ठरलं, यंदा काही विकत घेत नाही. १५ एप्रिल ते ३१ मे रत्नागिरीत भाड्याने राहून टँकर मोजतो. १४ फेब्रुवारीला सकाळी आठला तिकिटाला बसायचं, सौ.ने कॅलेंडरवर खूण केलीय. किल्ली सांभाळणारे शेजारी कसे शोधायचे ते मात्र ताईंनी सांगितलं नाही.

वाडीवाली_ताई:
पहिल्याच दिवशी वाटीभर काहीतरी घेऊन जा. बडोद्याचा लीलो चिवडा चालेल.