उकाडा ओसरला तरी टोमॅटोची फूलगळ थांबेना, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

टोमॅटोची पुनर्लागवड होऊन ५२ दिवस झालेत. झाडं जोमदार, फुलांचे घोसही भरपूर, पण फळधारणाच होत नाही. फूल देठाच्या सांध्यापाशी पिवळं पडतं आणि नुसता हात लागला तरी गळतं. पहिल्या दोन घोसांना फळं आहेत, पुढचे दोन जवळजवळ रिकामे.

प्लॉटमध्ये तापमापक आहे. मध्ये १२ दिवस दुपारी ३७-३८ अंश होतं. रात्री पारा २५ च्या खाली उतरलाच नाही, आणि मला जास्त धास्ती त्याचीच वाटते. गेले ५ दिवस मात्र दिवसा ३१, रात्री १९-२०. मग गळ का थांबत नाही?

फुलं पांढऱ्या कागदावर झटकली. दहा फुलांत दोनच फुलकिडे निघाले. पांढरी माशी मात्र उकाड्यात एकदम वाढली. बोकड्या (पांढरी माशी पसरवते तो पानं आकसण्याचा विषाणूजन्य रोग) आलेली चार झाडं उपटून टाकली. पाणी ठिबकने रोज, ताण पडलेला नाही. कोणी संजीवक (वाढ-फळधारणेसाठीचं संप्रेरक) फवारायला सांगतं, कोणी नत्राचं खत बंद करायला. घाईने काही फवारून उरलेला बहर घालवायचा नाहीये. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
आज उमललेल्या फुलावर आजच्या हवेचा परिणाम शोधू नका. टोमॅटोचे परागकण फूल उमलायच्या साधारण ८ ते १३ दिवस आधी घडत असतात आणि उष्णता त्यांना तेव्हाच सर्वांत जास्त मारते. म्हणजे तुमची आजची फुलं भर उकाड्यात कळीत होती. अजून आठवडाभर गळ दिसेल. फुलं जवळून बघा: मधल्या पिवळ्या नळीतून (पुंकेसरांच्या) स्त्रीकेसराचं टोक बाहेर डोकावत असेल तर उष्णतेचाच तडाखा आहे. मेलेले पराग संजीवकाने जिवंत होत नाहीत. पांढऱ्या माशीकडे मात्र दुर्लक्ष नको, उबदार हवेत तिची पिढी तीनेक आठवड्यांत पुरी होते. पानांच्या खालच्या बाजूला पिल्लं तपासा, पिवळे चिकट सापळे लावा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. आत्ताच २० फुलं पाहिली, १३ मध्ये टोक बाहेर आलंय! फवारणी थांबवतो. पानांखाली पिल्लंही सापडली, खालच्या पानांवर जास्त. ती पानं काढून टाकली तर चालेल का? की उरलेल्या फळांना ऊन लागून चट्टे पडतील?