लॉर्ड हौ बेटावरचे उंदीर: विष टाकलं ते बरोबर केलं का?

खाडीपल्याड
सिडनीत राहून इतकी वर्षं झाली, पण लॉर्ड हौला आत्ता जाणं झालं. मुख्य भूमीपासून सुमारे ६०० किलोमीटर समुद्रात, वस्ती जेमतेम साडेतीनशे, आणि एका वेळी ४०० च्या वर पर्यटक घेत नाहीत. पायवाटेवर वूडहेन नावाचा तपकिरी पक्षी चक्क पायात आला. पाणकोंबडीच्या कुळातला, पण उडता येत नाही. एकेकाळी तीसेकच उरले होते, आता हजारावर गेलेत.

१९१८ साली ‘मकाम्बो’ हे जहाज तिथे खडकाला लागलं आणि त्यावरचे काळे उंदीर बेटावर उतरले. पुढच्या काही वर्षांत, जगात दुसरीकडे कुठेच नसलेले पाच तऱ्हांचे पक्षी संपले. तिथला वीतभर लांबीचा काडीकिडाही गेला म्हणूनच धरला होता. तो २००१ मध्ये जवळच्या बॉल्स पिरॅमिड या सुळक्यावर, एका झुडपाखाली सापडला. मोजून २४.

शेवटी २०१९ मध्ये ब्रोडिफॅकम या उंदीरविषाच्या ४२ टन गोळ्या वापरल्या. डोंगरावर हेलिकॉप्टरने टाकल्या, वस्तीत पेट्यांतून ठेवल्या. त्याआधी दोनशेवर वूडहेन आणि शिवाय करावाँग पक्षी पकडून पिंजऱ्यात सांभाळले. माझ्या मते हेच करायला हवं होतं, आणि खूप आधी. तुम्हाला काय वाटतं?

माडवाला
४२ टन विष एवढ्याशा बेटावर? आमची गुहागरकडे माडाची वाडी आहे. उंदीर शेंड्यात घर करतात आणि कोवळी फळं पोखरून खाली टाकतात, पाडेली वर चढला की शिव्या घालतच उतरतो. मीही दोन वर्षं ब्रोमाडिओलोन या उंदीरविषाचे केक ठेवले. उंदीर कमी झाले, पण गोठ्याच्या आढ्यावरचं गव्हाणी घुबड एका सकाळी खाली मरून पडलेलं. त्यानंतर उंदीर दुप्पट. मारणारंच मारलं मी.

सूक्ष्मदर्शी
माडवालाकाका, ४२ टन हे गोळ्यांचं वजन, म्हणजे बहुतेक धान्यच. विषाचं प्रमाण दहा लाखांत २० भाग. हिशेब केलात तर निव्वळ विष एक किलोसुद्धा भरत नाही.

आणि तुमची वाडी म्हणजे बेट नव्हे. तुम्ही दहा मारलेत तर शेजारच्या गडग्यातून वीस येतात, म्हणून तुम्हाला जन्मभर केक ठेवावे लागतील. बेटाभोवती समुद्र असतो. एकदाच, पण शेवटची मादीसुद्धा सुटणार नाही असं करायचं. सापळ्यांनी ते जमत नाही, कारण कड्याकपारीतली एक जोडी राहिली की दोन वर्षांत परत पहिल्यासारखं. ब्रोडिफॅकमचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळे उंदराला खाण्याचा संशय येत नाही. लगेच मरणारा उंदीर बघून बाकीचे शहाणे होतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

माडवाला
ठाऊक आहे. पण तो एक किलो गरुडांना पुरला ना! अलास्काकडच्या रॅट आयलंडवर २००८ मध्ये हेच केलं, नंतर ४६ गरुड मेलेले सापडले. तिथेही तज्ज्ञच होते.

सूक्ष्मदर्शी
होय, ती चूक मान्यच. गल पक्ष्यांनी गोळ्या खाल्ल्या, गरुडांनी ते गल खाल्ले. पण म्हणूनच लॉर्ड हौवर आधी पक्षी आत घेतले. धोका कुणाला, हे गोळी टाकण्याआधी ठरवायचं. तिथे वटवाघूळ सोडलं तर मूळचा सस्तन प्राणीच नाही, त्यामुळे चुकून मरेल असा देशी उंदीर नव्हता. ही सोय प्रत्येक बेटाला नसते. आणि हो, ते अलास्काकडचं बेट उंदीरमुक्त झालं, आता त्याचं नावही हावाडाक्स झालंय.

गप्पीदास
एवढं कशाला? चार मुंगसं सोडायची. 😄

खाडीपल्याड
हवाईत १८८३ मध्ये सोडली. मुंगूस दिवसा हिंडतं, उंदीर रात्री. भेट कमी झाली आणि मुंगसांनी जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी खाल्ली. जपानच्या अमामी बेटावर १९७९ मध्ये सोडलेली मुंगसं पूर्ण काढायला २०२४ उजाडलं. लॉर्ड हौवर १९२० च्या दशकात घुबडं आणली होती. उंदीर राहिलेच, वर घुबडं देशी पक्षी खायला लागली, म्हणून उंदरांबरोबर त्यांचाही नंबर लागला.

चिमणचारा
मला यातली क्रूरता कुणी बोलत नाही याचं आश्चर्य वाटतं. आतून रक्तस्राव होऊन चार-पाच दिवसांनी मरणं. तो काळा उंदीर मूळचा आपल्याच उपखंडातला, जहाजात तो आपणहून नाही बसला. माणसाने नेलं, माणूसच छळून मारणार.

सूक्ष्मदर्शी
मरण वाईटच, त्यात वाद नाही. पण उंदीर पक्ष्यांची पिल्लं जिवंतपणी कुरतडून खातो, ते दिसत नाही म्हणून कमी क्रूर ठरतं का? ॲडलेडमध्ये जनुकं बदलून उंदीरमाद्या वांझ निपजतील असं संशोधन चालू आहे, पण ते अजून प्रयोगशाळेत, आणि तेही घरातल्या छोट्या उंदरांवर.

पागोळी
धागाकर्त्यांच्या हिशेबात एक गफलत आहे. वूडहेन तिसापर्यंत आले ते मुख्यतः रानडुकरांमुळे. १९८० च्या सुमारास डुकरं काढली, पिंजऱ्यात पैदास केली, तेव्हा दोनशेवर गेले. सगळं श्रेय विषाला देऊ नका. आणि २०१५ मध्ये लोकांचं मत घेतलं तेव्हा बाजूने ५२ टक्के होते. साडेतीनशे माणसांच्या गावात याचा अर्थ समजतो ना? रोज समोर येणारा जवळजवळ प्रत्येक दुसरा माणूस नाराज. त्यांच्या परसात पेट्या, गुरं आधी हलवायची, पोरांवर डोळा ठेवायचा. विज्ञान बरोबर असेल, पण पाहुणा म्हणून चार दिवस जाऊन ‘खूप आधी करायला हवं होतं’ म्हणणं सोपं आहे.

खाडीपल्याड
डुकरांचं बरोबर, तेवढं मी गाळलं. पण दोन-अडीचशेवर तो पक्षी पुढची तीसेक वर्षं अडकून होता. हजारावर गेला तो उंदीर गेल्यावरच. ‘खूप आधी’ मात्र मागे घेतो. मी जिथे उतरलो होतो ते घरमालक आजही या विषयावर बोलायला तयार नाहीत. चहा ओतून निघून गेले.

माडवाला
आणि २०२१ मध्ये परत उंदीर सापडले ते? त्यात एक मादी गाभण होती म्हणे.

सूक्ष्मदर्शी
सापडले. म्हणून लगेच पुन्हा मोहीम काढावी लागली. बेट साफ केलं की काम संपत नाही, दर बोटीतलं खोकं तपासावं लागतं.

पागोळी
म्हणजे कायमचंच.

खाडीपल्याड
हो, कायमचं. पण २०२२ मध्ये तिथल्या एका वडाखालचा दगड उचलला आणि ऐंशीएक वर्षं नामशेष समजलेलं, लाकूड खाणारं झुरळ निघालं. झुरळ पाहून खूश झालेली माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

माडवाला
आमच्याकडे या, हवी तेवढी दाखवतो. बाकी मी केक बंद केलेत, माडांना पत्रा ठोकतोय. चाळीस झाले, साठ बाकी.