मदत हवी आहे: आठ रंगांच्या खणांचा लग्नाचा फ्रॉक

शिवणारी मंडळी, जरा डोकं लावा इकडे.

भाचीचं सप्टेंबरमध्ये लीड्सला रजिस्टर लग्न आहे. पांढरा गाऊन नको, शालूही नको. होणाऱ्या नवऱ्याच्या आजींनी १९५०च्या दशकात स्वतःच्या लग्नात घातलेल्या फ्रॉकवर तिचा जीव जडलाय. बोट नेक (आडवा पसरट गळा), कोपरापर्यंत बाही, कंबर घट्ट आणि खाली पोटरीपर्यंत घेरच घेर. फ्रेंच डिझायनर डिओरने १९४७ साली पॅरिसला आणलेल्या ‘न्यू लुक’ची ठेवण. ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग १९४९ पर्यंत चाललं, त्यामुळे एवढं कापड नुसत्या घेरात घालणं म्हणजे त्या काळी चैनच. फोटो कृष्णधवल आहे, पण फ्रॉक मोरपंखी होता असं आजी ठासून सांगतात. तर आमच्या भाचीबाईंना रंग हवेत आणि कापड कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण. शिवायचा कोणी? मावशीने!

कंबर २८ इंच, कमरेपासून लांबी २७. पूर्ण अंब्रेला (अख्ख्या वर्तुळाचा घेर) बेतायचा तर त्रिज्या साडेएकतीस इंच येते आणि माझ्याकडच्या खणाचा पन्हा (रुंदी) ३०. पाव वर्तुळसुद्धा बसत नाही. म्हणून आठ कळ्या (वर अरुंद, खाली रुंद तुकडे) करतेय. वर साडेतीन इंच, खाली पंचवीसेक, शिवाय शिलाईची माया (शिवणीसाठी जादा कापड). ८० सेंटिमीटरच्या पीसमधून एक कळी निघते, म्हणजे आठ पीस, आठ रंग. दोन्ही बाजूंचे काठ कापले जातात, ते कमरेच्या पट्ट्याला लावीन. घेराला लावता येणार नाहीत, सरळ काठ गोलाईत वळत नाही.

मांजरपाटाची चोळी कच्ची शिवून पाठवली होती. भाचीने अंगावर घालून, टाचण्या लावून परत पाठवली, त्यामुळे प्रिन्सेस कट, मुंढा वगैरेची चिंता नाही. घोडं अडलंय ते खालीच. कळीच्या दोन्ही बाजू उरेब (विणीला तिरक्या) येतात आणि प्रत्येक खणाची वीण थोडी वेगळी. जांभळा नुसता हातात धरला तरी लोंबतो, हिरवा पुठ्ठ्यासारखा ताठ. जोडल्यावर घेर खालीवर होणार हे दिसतंच आहे. शिवाय कापलं की धागे सुटतात. अस्तर प्रत्येक कळीला चिकटवून घ्यावं की आतून वेगळं सोडावं? आणि ती तिकडे, मी सांगलीत, तर घेर दुमडायचा कसा?

‘उसवण’ यांचा प्रतिसाद: ताई, आधी आठही पीस वेगवेगळे भिजवा. लाल आणि जांभळ्याचा रंग सुटतो का बघा, नाहीतर लग्नात पाऊस आला तर शेजारच्या पिवळ्या कळीचं वाटोळं होईल. इंग्लंड आहे, पाऊस येणारच. अस्तर प्रत्येक कळीला लावा, पातळ मलमलचं. खण आणि मलमल कडेने कच्चे टाके घालून एकच कापड समजून शिवा. वीण कशीही असली तरी लोंबणं बरंच आवरतं. धागे सुटू नयेत म्हणून कापल्या कापल्या कडांना ओव्हरलॉक शिलाई मारा, उद्यावर टाकू नका.

घेर तुम्ही दुमडूच नका. फ्रॉक दोन-तीन दिवस हँगरला टांगून ठेवा, काय लोंबायचं ते लोंबू दे. खाली दोन इंच माया सोडा आणि सोबत उरेबी पट्टी पाठवा. आत नेटचा पेटीकोट घातला की घेर वर उचलला जातो, म्हणून पेटीकोट आणि लग्नातले बूट घालूनच जमिनीपासून माप घ्यायला सांगा. तिकडच्या कुठल्याही आल्टरेशनवाल्याला तेवढं जमेल.

धागाकर्ती: भिजवायचं डोक्यातच नव्हतं, आज रात्रीच बादल्या मांडते. पेटीकोटला आपल्याकडचं घागऱ्याचं कॅनकॅन (आतली ताठ जाळी) चालेल का? की ते फार कडक होईल? आणि चेन पाठीत द्यावी की कुशीला? आजींच्या फोटोत पाठीवर काहीच दिसत नाही.