पहिली सिगरेट कुणी पुढं केली, आणि तुम्ही काय केलंत? अनुभव सांगा

माझा पोरगा अकरावीला आहे. परवा त्याच्या शर्टाला धुराचा वास आला, विचारलं तर म्हणला मी नाही ओढली, पोरं ओढत होती. खरं असंल पण, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. भाषण नको, तुमच्याबाबतीत घडलेलं लिहा.

पेठेतला पैलवान:
आमच्या वस्तादांनी सिगरेट वाईट म्हणून कधी सांगितलं नाही. पहाटे जोर काढताना एका पोराला लवकर धाप लागली, वस्तादांनी त्याचा हात धरला, बोटं नाकाजवळ नेली आणि काही न बोलता त्याला कुस्तीच्या हौद्याबाहेर काढलं. पंधरा दिवस नुसती माती उकरायला लावली, कुस्ती नाही. तवापासनं कुणी पुढं केली की मला आधी ती बोटं आठवतात.

टपरीवाला:
खोटं कशाला बोलू, मी पण विकलीय. १८ च्या खालच्याला द्यायची नाही, शाळा-कॉलेजपासनं १०० यार्डात विकायची नाही, सगळं माहीत होतं. पोरांकडं पाकिटाला पैसे नसतात, एक सुट्टी सिगरेट घेऊन तिघं ओढतात, पोरगं लागतंय ते त्या सुट्टीवरच. २०२० ला राज्यात सुट्टी विकायला बंदी आली तरी आमचं चालूच होतं. मग एक दिवस भाचा दिसला, समोरच्या टपरीवर, शाळेच्या ड्रेसवर, तिथल्या दोरीला बांधलेल्या लायटरजवळ तोंड नेऊन पेटवत होता. तसलाच लायटर माझ्याकडं पण लोंबत होता. त्याच रात्री दोरी कापली, सुट्टी बंद केली. दोन महिने गल्ला कमी झाला, होऊ दे.

होस्टेलवाली:
आमच्यात साधी सिगरेट नव्हती, वेप होतं, म्हणजे ई-सिगरेट. पेनड्राइव्हसारखं दिसणारं, आंब्याच्या वासाचं, यात काय नसतंय म्हणून हातोहात फिरलं. निकोटीन असतंय त्यात, आणि २०१९ पासनं देशात बंदी आहे, तरी आलंच कुठनं तरी. माझ्याजवळ आलं तेव्हा मला दमा आहे म्हणून सांगितलं (नाहीये मला). शेजारची लगेच म्हणाली, मला पण नको. ती मघापासनं कुणीतरी आधी नको म्हणायची वाट बघत होती, हे तिनं मला नंतर सांगितलं.

शिरोली एमआयडीसी:
१९ व्या वर्षी नाईट शिफ्टला एक झुरका, मग १४ वर्षं. डॉक्टर म्हणाले, निकोटीन दहा-एक सेकंदात मेंदूत पोचतंय, कोवळ्या वयात सवय लवकर जडते. माझं तसंच झालं. ज्यांना लागलीय त्यांनी १८००-११-२३५६ ला फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे. मी उशिरा केला.

आणखी एक:
वडील मलाच पैसे देऊन सिगरेट आणायला पाठवायचे. तेव्हा १८ च्या खालच्याला न विकायचा २००३ चा कायदा नव्हता, दुकानदार पण काय विचारायचा नाही. आज पोरांच्या बापांना एवढंच सांगतो, आपलं पाकीट आपण आणा.

धागा काढणारा:
सगळ्यांचं वाचलं. काल पोराला रंकाळ्यावर फिरायला नेलं, ओरडलो नाही, पुन्हा कुणी पुढं केली तर काय म्हणशील एवढंच विचारलं. बराच वेळ गप्प. मग म्हणला, पप्पा, फुटबॉलला दम पुरत नाही म्हणलं की पोरं आग्रह सोडतात, एकटाच ऐकत नाही. कोण ते विचारलं नाही मी. अजून एक चक्कर मारूया म्हणलो.