आयरिश लोककथांतल्या पऱ्यांना लोक इतके का भितात?

वाईकर वाचक
वाईतल्या आमच्या वाचनालयात दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी आयरिश लोककथांचे वाचन ठेवण्याचा विचार आहे. मात्र या कथांतल्या पऱ्या वर देण्यापेक्षा तान्ही मुले पळवण्यात आणि वाटसरूंना चकवा लावण्यातच अधिक दिसतात, आणि गावकरी तर भीतीपोटी त्यांचा उल्लेखही ‘भली माणसे’ असाच करतात. हे भय कशातून आले असावे? मुलांना समजावताना आपल्या सातीआसरांचा दाखला दिला तर चालेल का?

कृष्णाकाठ, सांगली
दाखला अवश्य द्यावा, कारण दोन्हीकडे भीती जागेशी बांधलेली आहे. आयर्लंडच्या पुराणकथांत तुआथा डे डानन नावाचे दैवी कुळ पराभवानंतर टेकड्यांच्या पोटात राहायला गेले, आणि पुढच्या लोककथांनी पऱ्यांची वस्ती तिथेच मानली. शेतांतून आढळणारी मातीच्या बांधाची वर्तुळे ही पुरातत्त्वज्ञांच्या मते बहुतांशी मध्ययुगाच्या आरंभीची शेतकऱ्यांची घरे; लोक मात्र त्यांना पऱ्यांचे गड मानतात आणि तिथे नांगर घालत नाहीत. 1999 मध्ये क्लेअर परगण्यात महामार्गाच्या आड एक काटेरी झुडूप येत होते. ते पऱ्यांचे आहे, तोडल्यास रस्त्यावर अपघात होतील, असे कथाकार एडी लेनिहान यांनी जाहीरपणे बजावले आणि अखेर ते झुडूप राखून रस्ता करण्यात आला. देवराईतली वाळकी काटकीही घरी न नेणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

माहुलीचा घाट
साम्य मान्य आहे, पण ते फार ताणू नये. आसरांची आपण ओटी भरतो, त्यांना नैवेद्य दाखवतो. त्या कोपल्या तरी देवताच. आयरिश घरांतही पऱ्यांसाठी दूध ठेवले जाई, परंतु त्या ख्रिस्ती गावात त्यांना देवपण नव्हते. स्वर्गातून काढलेले, पण नरकात टाकण्याइतके पापी नसलेले देवदूत म्हणजे या पऱ्या, असेही तिथे मानत. पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवण्याची तिथली चाल मात्र बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवणाऱ्या आपल्या आजीला लगेच ओळखीची वाटेल.

कृष्णाकाठ, सांगली
बदललेल्या मुलांच्या कथा सांगताना एक काळजी घ्यावी, अशी कळकळीची विनंती आहे. पऱ्या माणूस नेतात आणि त्याच्या रूपाचे दुसरेच काही घरात ठेवतात, या समजुतीने खरे बळी घेतले आहेत. 1895 मध्ये टिपेररी परगण्यात आजारी पडलेली ब्रिजेट क्लीअरी ही आपली बायकोच नव्हे, असे म्हणून तिच्या नवऱ्याने तिला जाळले आणि त्यानंतर ती पांढऱ्या घोड्यावरून परत येईल म्हणून तो रात्री जवळच्या गडापाशी वाट पाहत बसला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात ही बाजू वगळून भागणार नाही. लहान मुलांना नाही, तरी त्यांच्या पालकांना ती सांगावीच.

वाईकर वाचक
सर्वांचे आभार. मुलांसाठी ऑशीनची कथा घेतो. चिरतारुण्याच्या देशात तीनशे वर्षे राहून तो मायदेशी परततो आणि घोड्यावरून पडून जमिनीला टेकताच जख्ख म्हातारा होतो, एवढे भय त्यांना पुरेसे आहे. शिवाय 1937 ते 1939 या काळात आयर्लंडच्या शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या कथा वह्यांत उतरवल्या होत्या. आमच्या मुलांनाही कोरी वही देऊन आसरांच्या, मुंजाच्या गोष्टी आजी-आजोबांच्याच शब्दांत लिहून आणायला सांगणार आहे.