ट्रेकसाठी रिचार्जेबल सेल आणि चार्जर: काय घ्यावं?

दरीखोरं:
डिसेंबरात रतनगड–कात्राबाई–हरिश्चंद्रगड असा तीन दिवसांचा बेत आहे. सोबत एक गार्मिन ईट्रेक्स २२एक्स (हातात धरायचं जीपीएस यंत्र, दोन पेन्सिल सेल) आणि चार हेडटॉर्च (प्रत्येकीत तीन बारीक सेल, रिमोटमध्ये असतात ते). सध्या २७०० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) लिहिलेले जुने रिचार्जेबल सेल आहेत आणि त्यांच्यासोबत आलेला चार्जर. त्यात सेल जोडीनेच बसवावे लागतात, दोन लाल दिवे आहेत आणि ते कधीच विझत नाहीत. रात्रभर लावून ठेवतो.

अडचण अशी की ताजे चार्ज केलेले सेल घातले तरी जीपीएस बॅटरी अर्धीच दाखवतो. महिनाभर कपाटात राहिलेले सेल तर सुरूसुद्धा करत नाही. एका हेडटॉर्चच्या स्प्रिंगवर पांढरी पूडही साचली आहे. सेल आणि चार्जर मिळून तीन हजारांच्या आसपास खर्चायची तयारी आहे. पैसे सेलवर जास्त घालावेत की चार्जरवर? आणि यूएसबी केबल थेट सेललाच लावता येते असे लिथियमचे १.५ व्होल्टचे सेल हल्ली दिसतात, ते घ्यावेत का?

मिलीअँप:
आधी फुकटची दुरुस्ती. जीपीएसच्या सेटअपमध्ये सिस्टिममध्ये जा, तिथे बॅटरीचा प्रकार निवडायची सोय आहे. तो अल्कलाइनवर (वापरून फेकायचे साधे सेल) असणार, निकेल मेटल हायड्राइडवर (तुमचे रिचार्जेबल) करा. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टच्या वर सुरू होतो आणि उतारावरून गाडी यावी तसा सावकाश खाली येतो. निकेलचा सेल बराच वेळ १.२५ ते १.२ च्या पठारावर चालतो आणि शेवटी कड्यावरून पडावा तसा पडतो. अल्कलाइनच्या हिशेबात १.२ म्हणजे अर्धा संपलेला सेल, म्हणून यंत्र अर्धं दाखवतं. सेटिंग बदललं तरी शेवटची काडी दिसली की सेल बदलायचेच. तिच्या भरवशावर खिंड चढायची नाही.

पैसे आधी चार्जरवर घाला. तुमचा चार्जर म्हणजे नुसता नळ आहे, बादली भरली की नाही हे त्याला कळत नाही. शिवाय जोडीतले दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक निम्मा भरलेला आणि दुसरा पार रिकामा असेल, तर पहिला आधी भरतो आणि दुसऱ्याची वाट बघत तासन्‌तास शिजत बसतो. असे वर्षभर शिजलेले सेल तुमच्याकडे आहेत.

नवा चार्जर घेताना एकच गोष्ट पक्की बघा: प्रत्येक खाना स्वतंत्र हवा. एक सेल एकटा घालून चार्ज होतो का, हे दुकानदाराला विचारा. पॅनासॉनिकचा बीक्यू-सीसी१७ असा आहे. चार स्वतंत्र खाने, पेन्सिल सेलला साधारण सात तास. त्याच कंपनीचा बीक्यू-सीसी५१ मात्र जोडीनेच चार्ज करतो, तेव्हा डब्यावरचा नंबर वाचून घ्या. आकडे बघायची हौस असेल तर लिटोकाला लि-५००. त्यात ३००, ५००, ७०० आणि १००० मिलीअँपिअर असे चार करंट निवडता येतात आणि सेलची खरी क्षमता मोजता येते. पण त्याला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, म्हणजे तो घरीच ठेवायचा.

करंटबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे की जितकं हळू चार्ज कराल तितकं सेलला बरं. निकेलच्या सेलचं व्होल्टेज भरत येताना चढत जातं आणि पूर्ण भरल्यावर ५ ते १० मिलिव्होल्टने किंचित खाली येतं. हुशार चार्जर तेवढी घसरण टिपून थांबतो. करंट फार कमी असेल तर ती घसरण इतकी पुसट होते की चार्जरला दिसतच नाही आणि तो चालूच राहतो. अशा ठिकाणी वेळेची मर्यादा नसेल तर सेल गेला. आकडे निवडायची सोय असेल तर २००० एमएएचच्या पेन्सिल सेलला ५०० ते १०००, आणि ८०० च्या बारीक सेलला ३०० ठेवा. ५०० ने पेन्सिल सेल भरायला चार नव्हे, साडेचार ते पाच तास लागतात, कारण थोडा करंट उष्णतेत जातो. शेवटी सेल कोमट लागणं ठीक. हातात धरवत नसेल तर लगेच काढा.

कातळवाट:
चार्जरबद्दल वरच्याशी सहमत. सेलबद्दल माझं मत असं की २७०० च्या मागे लागू नका. तुमचे सेल महिन्याभरात मरतात त्याचं कारण तोच आकडा. जुन्या पद्धतीचे जास्त क्षमतेचे सेल नुसते पडून राहूनच रिकामे होत जातात. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले तेव्हापासून कमी गळतीचे, म्हणजे पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे सेल मिळू लागले, आता ते पॅनासॉनिकच्या नावाने येतात. इतरही कंपन्यांचे आहेत. पाकिटावर 'प्री-चार्ज्ड' किंवा 'रेडी टू यूज' लिहिलेलं बघा, ती ओळख. पांढरा साधा एनेलूप २००० चा आहे, काळा प्रो २५०० चा. काळा जास्त वेळ चालतो, पण त्याचं आयुष्य सुमारे ५०० वेळा चार्ज करण्याइतकं, पांढऱ्याचं त्याच्या कितीतरी पट. वर्षातून आठ-दहा ट्रेक आणि मधले महिने कपाट, अशा वापराला पांढराच बरा. बाजारात पेन्सिल सेलवर ३५०० किंवा ४८०० एमएएच छापलेलं दिसलं तर हात लावू नका. या आकाराच्या निकेलच्या सेलमध्ये २७०० च्या वर फारसं काही बसत नाही. खरा सेल २६ ते ३० ग्रॅमचा असतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला की नकली लगेच उघडा पडतो.

किती घ्यायचे? २२एक्सला कंपनी २५ तास सांगते. पडद्याचा उजेड वाढवून, सारखा नकाशा बघत चालाल तर तितकं धरू नका, दिवसाला एक जोडी धरा. म्हणजे तीन जोड्या, सहा सेल. हेडटॉर्चचे बारा आणि वर एक राखीव संच तीनचा.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते. सेल घरी आल्याबरोबर चिकटपट्टी लावून जोड्यांना नावं द्या: क१-क२, ख१-ख२. हेडटॉर्चच्या तिकडींनाही तसंच. एकत्र वापरायचे, एकत्र चार्ज करायचे, कधी फोडायचे नाहीत. तीन सेलच्या टॉर्चमध्ये एक दुबळा असला की तो आधी संपतो, पण उरलेले दोन त्याच्यातून करंट ढकलत राहतात आणि त्याचे प्लस-मायनस उलटे होतात. असं दोन-चारदा झालं की तो सेल कायमचा बाद. उजेड मंदावला तरी "अजून चालतेय" म्हणून टॉर्च ताणणारे लोक सेल असेच मारतात.

दरीखोरं:
सेटिंग खरंच अल्कलाइनवर होतं! यूएसबीवाल्या सेलचं राहिलं. आणि वाटेत पॉवर बँकेवर सेल चार्ज करायचे म्हटलं तर १०,००० एमएएचची एक पुरेल का?

मिलीअँप:
यूएसबीवाल्या सेलच्या पोटात ३.७ व्होल्टचा लिथियम सेल आणि व्होल्टेज १.५ वर आणणारं छोटं सर्किट असतं. फायदा असा की शेवटपर्यंत १.५ मिळतात, हेडटॉर्च झगझगीत चालते. तोटाही तोच. यंत्र शेवटपर्यंत बॅटरी पूर्ण दाखवतं आणि मग एका क्षणात बंद. शिवाय ते सर्किट रेडिओ लहरींचा गोंगाट करतं आणि स्वस्त सेलमध्ये तो जीपीएसच्या अँटेनाजवळच होतो, सिग्नल पकडायला त्रास होऊ शकतो. त्यामुळे टॉर्चला चालतील, जीपीएसला नकोत. पाकिटावर त्यांची क्षमता बऱ्याचदा एमडब्ल्यूएचमध्ये (मिलिवॉट-तास) असते, तिला १.५ ने भागा: २६०० चे होतात साधारण १७३० एमएएच. आणि पेन्सिल सेलच्याच मापाचे '१४५००' नावाचे ३.७ व्होल्टचे सेलही मिळतात. ते चुकून दोन घातले तर २२एक्सला तीनऐवजी आठ व्होल्टच्या वर मिळतील. पुढचं सांगायला नको.

पॉवर बँकेचा हिशेब: चार पेन्सिल सेल म्हणजे ४ × २ अँपिअर-तास × १.२ व्होल्ट, जवळपास ९.६ वॉट-तास. चार्जरमध्ये आणि सेलमध्ये वाया जाणारं धरून त्याला १६-१७ लागतात. १०,००० च्या बँकेत ३७ असतात, बाहेर पडतात ३० च्या आतबाहेर. म्हणजे चार सेल दीड-पावणेदोन वेळा, आणि फोनला काहीच नाही. तीन दिवसांसाठी हा खटाटोप कशाला? जास्तीचे चार सेल न्या, वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. नेणारच असाल तर यूएसबीवर चालणारा चार्जर लागेल. करंट खूप कमी झाला की काही बँका स्वतःहून बंद होतात, तेव्हा सकाळी उठून 'भरले असतील' असं समजू नका, दिवे बघा.

कातळवाट:
पुढे कधी केदारकंठासारखा हिवाळी ट्रेक केलात तर शून्याखाली निकेलचे सेल चालतात, पण चार्ज करायचे नाहीत. चार्जिंग ० ते ४५ अंशांतच. रात्री तंबूत पडलेल्या थंडगार सेलना पॉवर बँक लावू नका, आधी स्लीपिंग बॅगेत घ्या.

आणि ती पांढरी पूड. विसरलेल्या अल्कलाइन सेलमधून बाहेर आलेला क्षार आहे तो. फुंकून उडवू नका, डोळ्यांत गेला तर झोंबतो. हातमोजे घाला. कापसाच्या काडीवर व्हिनेगरचे दोन-तीन थेंब घेऊन (नसेल तर लिंबाचा रस) स्प्रिंगवर फिरवा. थोडे बुडबुडे येतील. थांबले की दुसऱ्या काडीवर साधं पाणी, शेवटी मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपाइल अल्कोहोल, आणि दिवसभर झाकण उघडं ठेवून वाळवा. स्प्रिंगचा मुलामा उडून आतलं तांबूस किंवा गंजकं दिसत असेल तर बारीक पॉलिशपेपरचे एक-दोन हलके हात, त्याहून जास्त नको. मग नवे सेल घालून टॉर्च हलवून बघा. उजेड लुकलुकला तर स्प्रिंग दाब धरत नाहीये. चिमट्याने थोडी ओढून वर घ्या.